संघात एक जागा : विजय मर्चंट



क्रिकेटचे नाव काढले की आपली तरुण मंडळी कान टवकारतात आणि वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. आज आम्ही दोघांकडेही थोडा वेळ मागत आहोत. ही गोष्ट एका क्रिकेटपटूची आहे, पण त्याच्या धावांची कमी आणि बॅट खाली ठेवल्यानंतर त्याने जे केले त्याची जास्त.

विजय मर्चंट हे नाव साठीच्या पुढच्या वाचकांना रेडिओमुळे आठवत असेल. तरुणांनी ते सोळा वर्षांखालील मुलांच्या ‘विजय मर्चंट करंडक’ स्पर्धेमुळे ऐकले असेल. या माणसाने आयुष्याचा उत्तरार्ध अंध आणि अपंग लोकांना काम मिळवून देण्यात घालवला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

त्यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९११ रोजी मुंबईत झाला. घरचे आडनाव मर्चंट नव्हतेच. ते विजय माधवजी ठाकरसी. शाळेत नाव घालताना वडिलांचा व्यवसाय विचारला गेला, मुलाने व्यापारी या अर्थाचा इंग्रजी शब्द सांगितला आणि तोच आडनाव म्हणून कागदावर चढला, अशी हकीकत सांगतात. कागदावरची चूक माणसाला जन्मभर चिकटते याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना रेशनकार्डामुळे आला असेलच. मर्चंट यांनी ती चूक दुरुस्त करून घेतली नाही, उलट तेच नाव जगभर गाजवले.

ठाकरसी हे गिरणीमालकांचे घराणे. याच घराण्यातील सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. विद्यापीठाला जे एस. एन. डी. टी. हे नाव आहे, ते विठ्ठलदासांच्या आईचे, नाथीबाईंचे. तेव्हा ही गोष्ट गरिबीतून वर आलेल्या मुलाची नाही. पैसा होता, मोठे घर होते, दान देण्याची सवयही घरात होती. हे आधीच सांगतो, कारण दान देणारी श्रीमंत माणसे आपल्या देशात कमी नाहीत. मर्चंट त्यांच्यापेक्षा वेगळे कुठे ठरले, ते आपल्याला पाहायचे आहे.

आधी क्रिकेट. १९३२ साली भारताचा संघ पहिली कसोटी खेळायला इंग्लंडला निघाला, तेव्हा गांधीजी आणि इतर पुढारी तुरुंगात होते. या स्थितीत दौऱ्यावर जाणे योग्य नाही असे ठरवून वीस वर्षांचे मर्चंट मागे राहिले. पुढच्याच वर्षी मुंबईत ते पहिली कसोटी खेळले. १९३६ मध्ये मँचेस्टरला त्यांनी आणि मुश्ताक अली यांनी सलामीला २०३ धावांची भागीदारी केली. दोघांचीही शतके झाली. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात मर्चंट यांनी दोन हजारांहून अधिक धावा काढल्या. प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील त्यांची सरासरी ७१.६४. दीर्घकाळ खेळलेल्या फलंदाजांत त्यांच्या पुढे फक्त डॉन ब्रॅडमन आहेत. रणजी स्पर्धेत तर ही सरासरी ९८.७५ इतकी होती.

एक सामना इथे सांगितलाच पाहिजे, कारण तो आपल्या लोकांना आवडेल. त्या काळी मुंबईत धर्मावर आधारलेली पंचरंगी स्पर्धा होत असे. हिंदूंचा संघ, मुसलमानांचा, पारशांचा, युरोपियनांचा, आणि या चारांत न बसणाऱ्या सर्वांचा मिळून ‘रेस्ट’, म्हणजे उरलेल्यांचा. ख्रिस्ती खेळाडू या उरलेल्यांत. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंकडून मर्चंट यांनी नाबाद २५० धावा केल्या. रेस्टच्या संघावर फॉलोऑनची पाळी आली. दुसऱ्या डावात सांगलीचे विजय हजारे, आपले ख्रिस्ती बांधव, एकटे उभे राहिले आणि संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ त्यांनी काढल्या. सामना हिंदूंनीच जिंकला, पण लोकांच्या लक्षात राहिले ते हजारे. ‘उरलेले’ म्हणून ज्यांचा वेगळा गठ्ठा बांधला होता, त्यांच्यातही अव्वल दर्जाचा फलंदाज असू शकतो, हे त्या दिवशी मैदानावर सर्वांना दिसले. मर्चंट यांना तर ते अगदी जवळून दिसले.

एवढा मोठा फलंदाज, पण कसोटी सामने किती खेळला? फक्त दहा. अठरा वर्षांत दहा, आणि तेही सगळे इंग्लंडविरुद्ध. मधली वर्षे महायुद्धाने खाल्ली, आणि जी उरली त्यांतली काही शरीराने. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी त्यांना कर्णधार नेमले होते, पण प्रकृतीने साथ दिली नाही आणि ते गेले नाहीत. अधिकृत कसोटीत भारताचे नेतृत्व त्यांना कधीच करता आले नाही. नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीत ते पुन्हा इंग्लंडविरुद्ध उतरले. वय चाळीस. त्यांनी १५४ धावा केल्या. त्याच डावात हजारे यांनी नाबाद १६४ केल्या. आठ वर्षांपूर्वी प्रतिस्पर्धी असलेले हे दोन विजय या वेळी एकाच बाजूने खेळत होते. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना मर्चंट यांच्या खांद्याला दुखापत झाली आणि खेळ कायमचा थांबला.

खांदा निकामी झाला म्हणून त्यांना अपंगांचे दुःख कळले, असे लिहायचा मोह होतो. चरित्रकारांना असले सांधे जुळवायला फार आवडते. आम्ही तसे म्हणणार नाही. चाळिशीत खेळ सोडणारा फलंदाज आणि जन्मापासून डोळ्यांपुढे अंधार असलेला मुलगा यांच्यात मोठे अंतर आहे. इतकेच म्हणू, की जे शरीर सर्वांनी वाखाणले तेही एके दिवशी ऐकेनासे होते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

खेळ संपल्यावर मर्चंट गिरणीच्या कामात लक्ष घालू लागले. त्याच सुमारास, १९५२ साली, मुंबईत ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड’ ही संस्था स्थापन झाली. सर्व जण तिला ‘नॅब’ म्हणतात. मर्चंट या संस्थेत आले, पुढे तिचे अध्यक्ष झाले, आणि अंधांच्या रोजगाराचा प्रश्न त्यांनी आपला मानला.

हा प्रश्न नेमका काय होता ते समजून घेतले पाहिजे. शाळा मुंबईत आधीपासून होत्या. १८८५ च्या सुमारास मुंबईचे बिशप लिओ म्यूरिन यांनी मूकबधिर मुलांसाठी शाळा काढली. भारतातील अशा पहिल्या शाळांत तिची गणना होते. १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी अंध मुलांची शाळा सुरू केली. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल लिपी ठरली, म्हणजे मराठी मुलाला आपल्या भाषेत बोटांनी वाचता येण्याची सोय झाली. हे सगळे चांगलेच झाले. पण शाळा संपल्यावर काय? मुलगा अठरा वर्षांचा झाला, लिहायला-वाचायला शिकला, आणि मग? खुर्च्यांना वेत विणणे, थोडे गाणे-बजावणे, नाहीतर घरी परत. घरी परत म्हणजे पुन्हा दाराशी बसणे. ज्याने कधी शिक्षण घेतलेच नाही त्याच्यापेक्षा शिकून घरी बसलेल्याचे दुःख अधिक, असे आम्हाला वाटते. आपल्याला काय येते हे त्याला कळलेले असते.

मर्चंट यांनी सुरुवात स्वतःच्या गिरण्यांपासून केली. अंध आणि अपंग माणसांना त्यांनी आपल्या गिरण्यांत कामावर घेतले. नंतर इतर उद्योजकांनीही तसे करावे म्हणून ते खटपट करत राहिले. ते स्वतः मालक असल्याने ‘परवडत नाही’ हे उत्तर त्यांच्यापुढे टिकणे अवघड होते. देणगी मागणाऱ्याला चेक लिहून वाटेला लावता येते. पण जो तुमच्या कारखान्यात एक जागा मागतो, त्याला चेक देऊन भागत नाही. त्याला कारखाना दाखवावा लागतो.

अंध माणूस कारखान्यात काम करतो म्हणजे काय करतो, असे आम्हाला पुष्कळदा विचारले जाते. उत्तर साधे आहे. कोणतेही काम घ्या, ते लहान लहान हालचालींचे बनलेले असते. उचलणे, चाचपणे, जुळवणे, मोजणे, बांधणे, बाजूला ठेवणे. यांतल्या किती हालचालींना डोळे खरोखर लागतात आणि किती आपण केवळ सवयीने डोळ्यांनी करतो, हे एकेक करून तपासायचे. वस्तू खोक्यात भरणे, सुटे भाग जोडणे, नग मोजून गठ्ठे बांधणे अशी पुष्कळ कामे हाताच्या बोटांवर चालतात. वस्तू रोज त्याच जागी ठेवल्या, वाटेत कुणी पेटी टाकून गेले नाही, आणि पहिले काही दिवस एखाद्या सोबत्याने जागा दाखवली, की पुढे तो माणूस आपले आपण काम करतो. खरी कसोटी लागते ती गेटाबाहेर. लोकलच्या गर्दीतून वेळेवर पोहोचणे हे यंत्रापेक्षा अवघड.

सरकारही हळूहळू जागे होत होते. अपंगांसाठीचे देशातील पहिले खास रोजगार विनिमय केंद्र १९५९ साली मुंबईतच सुरू झाले. केंद्र सरकारच्या खालच्या श्रेणीतील नोकऱ्यांत अपंगांसाठी तीन टक्के जागा राखून ठेवायला मात्र १९७७ साल उजाडले. मर्चंट यांनी कामाला हात घातला तेव्हा मालकावर कायद्याची कसलीही सक्ती नव्हती. जे काही व्हायचे ते समजावून, गळ घालून.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना न्याय आणि दया यांच्यातील फरकावर आम्हाला बराच घाम गाळावा लागला होता. संत थॉमस अ‍ॅक्वायनस यांच्या मते ज्याचे जे आहे ते त्याला देण्याची निरंतर इच्छा म्हणजे न्याय. दया त्याच्याही पुढे जाते, पण न्यायाची जागा ती घेऊ शकत नाही. मजुरी बुडवून त्याच मजुराला दिवाळीला कपडे घेऊन देणाऱ्याला कुणी दयाळू म्हणत नाही. आमच्या समजुतीप्रमाणे मर्चंट यांना हा फरक पुस्तक न वाचता कळला होता, आणि तो त्यांना क्रिकेटने शिकवला असावा. संघात अकरा जागा असतात. त्या कुणाला दयेने देता येत नाहीत आणि ज्याचा हक्क आहे त्याला नाकारताही येत नाहीत.

याचा पुरावा हवा असेल तर १९७१ सालाकडे वळावे लागेल. मर्चंट तेव्हा राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष होते. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यासाठी कर्णधार निवडताना समितीची मते सारखी पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने मन्सूर अली खान पतौडी यांच्याऐवजी अजित वाडेकर कर्णधार झाले. देशभर गदारोळ उठला. १९४६ साली थोरल्या पतौडींनी मर्चंट यांना डावलून कर्णधारपद मिळवले होते, त्याचा वचपा त्यांनी मुलावर काढला, अशीही कुजबुज झाली. कुणाच्या मनात काय असते ते देवच जाणे. आम्हाला मात्र दुसरीच एक गोष्ट महत्त्वाची वाटते. १९६१ मध्ये मोटार अपघातात धाकट्या पतौडींच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली होती. एका डोळ्यावर खेळून ते भारताचे कर्णधार झाले आणि जवळजवळ दहा वर्षे त्यांनी मान मिळवला. आता ज्याने अंधांसाठी आयुष्य वेचले त्याच मर्चंट यांनी त्यांच्या विरुद्ध मत दिले. या सगळ्या वादात पतौडींच्या डोळ्याचा प्रश्नच नव्हता. ते कर्णधार झाले ते डोळा गेला म्हणून नव्हे, आणि कर्णधारपद गेले तेही डोळ्यामुळे नव्हे. एखाद्या माणसाच्या अपंगत्वाचा कुणाला पत्ताच लागू नये, त्याच्या खेळावरच भांडण व्हावे, याहून बरोबरीची वागणूक दुसरी कोणती? ती नेहमी गोड लागतेच असे नाही.

त्याच वर्षी उन्हाळ्यात इंग्लंडचा दौरा होता. मर्चंट यांच्या समितीने भागवत चंद्रशेखर यांना परत बोलावले. चंद्रशेखर यांना लहानपणी पोलिओ झाला होता आणि उजवा हात वाळला होता. चेंडू अडवून परत फेकताना ते डावा हात वापरत, पण गोलंदाजी करत ती त्याच वाळलेल्या उजव्या हाताने. मनगटाला असा काही झटका बसे की भल्याभल्या फलंदाजांना लेगस्पिन कोणता आणि गुगली कोणता ते उमगत नसे. साडेतीन वर्षे ते कसोटी संघाबाहेर होते. त्यांना नेण्यात धोका आहे हे मर्चंट जाणून होते आणि त्यांनी ते लपवलेही नाही. ऑगस्ट १९७१ मध्ये ओव्हलच्या मैदानावर चंद्रशेखर यांनी ३८ धावांत सहा बळी घेतले, इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत संपला आणि २४ ऑगस्टला भारताने इंग्लंडच्या भूमीवर पहिली कसोटी आणि पहिली मालिका जिंकली. त्या डावात शॉर्ट लेगला अंग झोकून देऊन अ‍ॅलन नॉट यांचा झेल घेतला तो एकनाथ सोलकर यांनी. सोलकरांचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणारे, आणि घर म्हणजे तिथलीच एक खोली. मर्चंट यांच्यासारखे शेठ त्याच मैदानावर खेळले होते.

चंद्रशेखर यांची निवड पोलिओमुळे झाली नाही आणि पोलिओमुळे थांबलीही नाही. निवड करणाऱ्याने हात कसा दिसतो याकडे पाहिले नाही, त्या हातातून चेंडू कसा येतो याकडे पाहिले. गिरणीत अंध कामगार घेतानाही पाहायचे ते हेच.

मर्चंट यांचे काम केवळ अंधांपुरते नव्हते. कमरेखालून लुळ्या पडलेल्या लोकांच्या पुनर्वसनासाठीही त्यांनी संस्थेमार्फत मदत उभी केली. या मदतीचा एक धागा पुन्हा सांगली जिल्ह्यात जातो. तिथल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर सैन्यात जवान होते, मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि पाय निकामी झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहायला लागले. पुढे स्पर्धांत उतरले, पण परदेशी जायला पैसे कुठून आणायचे? मर्चंट यांच्या संस्थेने त्यांच्या प्रवासखर्चाला हातभार लावला. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग इथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पेटकरांनी ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत विश्वविक्रम करून सुवर्णपदक जिंकले. भारताच्या कोणत्याही खेळाडूने ऑलिंपिक किंवा पॅरालिंपिकमध्ये मिळवलेले ते पहिले वैयक्तिक सुवर्णपदक. देशाने मात्र त्यांची आठवण ठेवायला फार उशीर केला. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली.

ही स्पर्धा कशी सुरू झाली तेही थोडक्यात सांगतो. लुडविग गुटमन नावाचे ज्यू डॉक्टर हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून इंग्लंडला आले. युद्धात मणका मोडलेले सैनिक त्यांच्या रुग्णालयात पडून असत, आणि अशा रुग्णांच्या जगण्याची फारशी आशा त्या काळी कुणी धरत नसे. गुटमन यांनी त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवले, हातात धनुष्य दिले, आणि १९४८ साली लंडन ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी सोळा जणांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. १९६० पासून त्याचे जागतिक ऑलिंपिक झाले. गुटमन यांना पदकांपेक्षा एका गोष्टीची ओढ होती. ज्याला खेळता येते त्याला नोकरीही करता आली पाहिजे आणि त्याच्याकडून कर वसूल करता आला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. पेटकरांनीही पुढे पुण्यात टेल्को कंपनीत नोकरी केली. गुटमन आणि मर्चंट कधी भेटले असोत वा नसोत, दोघांची वाट एकच होती.

रेडिओचा उल्लेख सुरुवातीला केला होता. विविध भारतीवर मर्चंट यांचा क्रिकेटवरचा कार्यक्रम फार लोकप्रिय होता. आवाज धीमा, बोलणे मुद्द्याचे. दृष्टी नसलेल्या माणसाला क्रिकेट समजते ते कानांनीच, आणि रेडिओपुढे बसल्यावर डोळस आणि अंध हा फरक उरत नाही. पुढे अंधांचे क्रिकेटही आवाजावरच उभे राहिले. खुळखुळणारा चेंडू टाकतात आणि फलंदाज कान देऊन खेळतो. या खेळाचा पहिला विश्वचषक १९९८ साली नवी दिल्लीत झाला. तो पाहायला मर्चंट नव्हते.

आता मुंबई सोडून आपल्या डोंगरात येऊ. नाहीतर वाचक म्हणतील, फादरांनी गिरण्या आणि लोकल सांगितल्या, आमच्याकडे यातले काय आहे?

जुन्नरहून माणिकडोह धरणाच्या कडेने, चावंड किल्ला मागे टाकून घाटघरला जाताना आम्ही हाच विचार करत असतो. जीवधनच्या पायथ्याचे हे गाव. पलीकडे नाणेघाट, जिथे सातवाहनांच्या काळी जकात घेत असत आणि तो दगडी रांजण अजून उभा आहे. पावसाळ्यात इथे चार महिने धो धो पाऊस. भाताच्या खाचरांच्या बांधावरून धडधाकट माणूसही जपून चालतो. ज्याचा पाय अधू आहे किंवा ज्याला दिसत नाही, तो जून ते सप्टेंबर घराबाहेर पडतच नाही. शाळा बुडते. एकदा बुडली की पुढच्या वर्षी घरचेच म्हणतात, राहू दे. कुणी त्याचे वाईट करत नाही. उलट मायेनेच त्याला पडवीत बसवतात, ताट हातात देतात. त्याची निवड कशासाठीच होत नाही, एवढेच.

पण कामे आहेत. या भागात हिरडा आहे. बाळहिरडा गोळा करून आणल्यावर तो वाळवणे, निवडणे, प्रतीप्रमाणे वेगळा करणे हे सगळे बसून आणि बोटांनी करायचे काम आहे. एका वाडीत आम्ही पोलिओने पाय गेलेला एक गृहस्थ पाहिला आहे. हिरडा निवडण्यात घरातले कुणी त्याच्या हाताला हात लावू शकत नाही. पण घरी किती माणसे कमावतात असे विचारले की घरचे त्याला मोजत नाहीत. आवणीच्या वेळी रोपांच्या जुड्या बांधणे, नाणेघाटात येणाऱ्या प्रवाशांसाठी लहानसे दुकान चालवणे, बचत गटाचा हिशेब लिहिणे, यांतले कोणते काम कुणाला जमेल हे बसून, एकेक हालचाल तपासून पाहावे लागेल. मुंबईच्या कारखान्यांत ते झाले, घाटघरला न होण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

खेळाचेही तसेच. गावात मुले चेंडूफळी खेळतात तेव्हा अधू पायाच्या मुलाला गुण मोजायला बसवतात. एकदा त्याच्या हातात चेंडू देऊन बघावे. मनगट कसे आहे ते तरी कळेल.

आणि आपल्या चर्चच्या पायऱ्या? धर्मग्राम मंडळाच्या पुढच्या बैठकीत उताराचा रॅम्प करण्याचा विषय आम्ही ठेवला आहे. खर्च किती, वाळू कुठून, ही चर्चा तिथे होईलच. तोवर पायऱ्यांपाशी दोन दणकट तरुण रविवारी उभे राहिले तर चांगले, पण आधार देण्याआधी त्या माणसाला विचारावे. न विचारता दंड धरलेला कुणालाच आवडत नाही.

कायदा आज मर्चंट यांच्या काळापेक्षा खूप पुढे गेला आहे. १९९५ साली अपंगांच्या हक्कांचा पहिला मोठा कायदा झाला. २०१६ च्या नव्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा चार टक्के केल्या. शिक्षणाचा हक्कही त्यात आहे. सरकारी कागदांवर आता ‘अपंग’ऐवजी ‘दिव्यांग’ असा शब्द येतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अशा व्यक्ती २९ लाखांहून अधिक होत्या. शब्द बदलणे चांगलेच, पण ज्यांच्याकडे प्रमाणपत्रच नाही त्यांना जुना शब्दही उपयोगी नाही आणि नवाही. आपल्या वाड्यांत अशी घरे आहेत. प्रमाणपत्र आणि दिव्यांग ओळखपत्र यांचे अर्ज भरायला ज्यांना मदत हवी त्यांनी मिस्सेनंतर कार्यालयात यावे. आधारकार्ड आणि एक फोटो आणावा. ज्यांना चालत येणे जमत नाही त्यांच्या घरी आम्ही येऊ, शेजाऱ्यांनी फक्त निरोप द्यावा.

विजय मर्चंट यांचे २७ ऑक्टोबर १९८७ रोजी हृदयविकाराने मुंबईत निधन झाले. वय ७६. भारत-पाकिस्तानात तेव्हा क्रिकेटचा विश्वचषक चालू होता आणि देशाचे लक्ष तिकडे लागले होते. वर्तमानपत्रांनी त्यांच्या धावा आणि सरासरी छापली, आणि तेही योग्यच होते.

दुसऱ्या वर्षी, १९८८ मध्ये, मुंबईत शारीरिक अपंग खेळाडूंसाठी एक अखिल भारतीय क्रिकेट संघटना उभी राहिली. कुबडी घेतलेला फलंदाज, एका हाताचा गोलंदाज, सगळ्यांना तिथे संघात जागा मिळू लागली. या कामात पुढाकार घेणारे होते अजित वाडेकर.